आग्रहताईची शेवटची वाटी

मूत्रपिंडाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘आग्रहताई’ म्हणत. कुणाच्या कपात घोटभर जागा दिसली, की हिची चहाची किटली आलीच! नको म्हणणाऱ्याचं तिच्यापुढे काही चालायचं नाही. पेशींचंही चालत नसे.

मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी ती पोटच्या पोरांसारख्या वाढवी. छोट्या वाटीच्या तळाशी जाळीदार पडदा, त्यावर खांद्याला खांदा लावून बसलेल्या पेशी. वर पोषक पाणी, पडद्याखालीही तेच. पेशी एकमेकींना घट्ट बिलगल्या, की त्यांच्या सांध्यांतून वीज सहजी जात नसे आणि विजेला होणारा अडथळा मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा चढे. या खेपेला मात्र तो रोज घसरत होता. बाकीच्या वाट्या वाया गेल्या होत्या. उरली होती ही एकच.

“उद्यापर्यंत नाही सुधारली, तर टाकून देऊ. काम इथेच थांबवू,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

आग्रहताईचा जीव कासावीस झाला. हे काम गेलं, तर खालच्या मजल्यावर बाटल्या धूत बसावं लागणार.

घरी त्याच तंद्रीत तिने आटलेल्या सूपमध्ये पुन्हा खारट सूपच ओतलं. पहिल्याच घोटाला नवऱ्याचे डोळे पांढरे झाले.

“अगं, मीठ कुठे आटतं का? आटतं ते पाणी!” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं पाणी घालायचं होतंस.”

सूप वाढायचा डाव तिच्या हातातच राहिला. तिला एकदम उमगलं: प्रयोगशाळेतल्या त्या वाटीचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून उबेच्या कपाटात वरचं पाणी आटायचं. आणि ही माउली मायेने पोषक पाण्याचीच भर घालायची! पाणी उडून जाई, क्षार मागे राहत. पडद्याच्या वर खारट, खाली बेताचं. त्या ओढाताणीत बिचाऱ्या पेशींचे सांधे सैल पडले होते.

“आई, माझ्या पेशी वाचवल्यात हो!” म्हणत तिने सासूबाईंना मिठी मारली. त्यांना काही कळलं नाही, पण मिठी आवडली.

सकाळी तिने झाकण बदललं, वरच्या पाण्यात नुसत्या शुद्ध पाण्याचे थेंब सोडले आणि हाताची घडी घालून बसली. तिला सगळ्यांत अवघड हेच. कितीतरी वेळ आकडा जागचा हलेना. दुपारी हलला. संध्याकाळपर्यंत चढतच गेला.

“मेल्या नव्हत्याच की!” तिच्याकडून सगळं ऐकून मॅडम यंत्रावर वाकून म्हणाल्या. “वर-खाली बरोबरी झाली, तशा पुन्हा बिलगल्या. आता हेच नीट तपासायचं. काम चालू ठेवा, ताई.”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. सवयीने तिने किटली उचलली, मॅडमच्या कपाशी नेली आणि चक्क थांबली.

“घालू का थोडा?” तिने विचारलं.

सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे बघत राहिली. मॅडमनी हसून कप पुढे केला.

“आज काठोकाठ घाला!”