कलमातले दोन शब्द

काल चिंचवडला घरी बसले होते, तर नातीच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला... बाळंतपणाची रजा मंजूर! मला एकदम आईचं विधेयक आठवलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आई आमदार होती, मी सोळा वर्षांची. बाळंतिणीला कामावरून काढता येऊ नये, असं विधेयक तिने मुंबईच्या विधानसभेत आणलं होतं. त्या दिवशी शेवटची चर्चा आणि लगेच मतदान.

गॅलरीत माझ्या शेजारी पिंपळे गुरवच्या हौसाबाई बसल्या होत्या, मांडीवर तीन महिन्यांची लेक. बाळंतपणानंतर त्या पिंपरीतल्या एका कारखान्यात परत गेल्या, तर डॉक्टरचा दाखला नाही म्हणून नाव काढून टाकलेलं. "आमच्या गावात डागदरच न्हाई, तर दाखला कुठनं आणू?" असं त्या आईला म्हणाल्या होत्या. म्हणून आईने दाखल्याच्या कलमात डॉक्टरपुढे दोन शब्द घातले... 'किंवा सुईण'.

नेमके तेच दोन शब्द वगळा, अशी दुरुस्ती एका ज्येष्ठ सदस्यांनी मांडली. मावळातले मोठे बागाईतदार, भारदस्त आवाज. "सुईणीच्या अंगठ्यावर कायदा चालवायचा? उद्या कोणीही उठेल आणि बाळंत झाले म्हणेल!" बाकं वाजली. बरीच मंडळी त्यांच्याच बाजूची.

आई उठली. आवाज जरासुद्धा चढवला नाही. "सन्माननीय सदस्यांना एकच विचारते. आपला जन्म कुठल्या डॉक्टरांच्या हातून झाला?"

सभागृह हसलं. ते मात्र हसले नाहीत.

मग हळूच म्हणाले, "डॉक्टर कुठला... आमच्या गावच्या पारूआजीच्या. आई अडली होती, तिनेच सोडवली. ती नसती तर मायलेकरं दोघंही गेलो असतो." आणि अध्यक्षांकडे वळून, "मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

विधेयक मंजूर झालं. "झालं का गं?" हौसाबाईंनी विचारलं. मी मान हलवली, तर त्या लेकीच्या पायांचे मुकेच घेत सुटल्या. पुढे सुईणीचा दाखला लावून त्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि कामावर परत रुजू झाल्या.

आईचं कौतुक तेव्हा सगळ्यांनी केलं. मला मात्र या वयात त्या गृहस्थांची जास्त आठवण येते... भर सभागृहात, आपल्याच माणसांसमोर आपला शब्द मागे घ्यायला केवढं मोठं मन लागत असेल!