नऊ नंबर आणि शेजारणीचे बाबा

जगातला कुठलाही विषय काढा, आमच्या शेजारणीचे बाबा तो दोन मिनिटांत सत्तर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश फुटबॉलमधल्या एका सेंटर फॉरवर्डपर्यंत नेऊन पोहोचवतात. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, लेकीकडे सहा महिने राहायला आलेले इतर आजोबा गुडघ्यांबद्दल बोलतात. हे काका, घरटी एक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये छोल्यांची वाटी धरून, त्या माणसाची अख्खी कारकीर्द सांगत फिरतात. खाणकामगाराचा मुलगा, पहिल्याच सामन्यात तीन गोल, संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तरी हा पठ्ठ्या तिथेही गोलांची रास घालतोय, गुडघा मोडला, परत आला, पुन्हा गोल! पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत तसं काका त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘नऊ नंबर’ म्हणतात. एकदा माझ्या बायकोनं भाजीत मीठ कमी आहे का विचारलं. “ते राहू दे बेटा,” काका म्हणाले, “पाण्यानं जड झालेला चामड्याचा बॉल डोक्यानं मारणं सोपं हाय का?” तिनं मीठ आपल्याच अंदाजानं घातलं.

हे वेड वडिलोपार्जित. कामठीच्या छावणीतून जुनी इंग्रजी साप्ताहिकं आणून त्यांचे वडील त्यातले सामने मोठ्यानं वाचून दाखवत.

काकांची सात वर्षांची नात इथे माझ्या मुलीच्या संघात सॉकर खेळते. या वयात मुलांची मनं दुखावू नयेत म्हणून स्कोअरच ठेवत नाहीत, हे कळल्यावर काका हादरले. “गोल लिहायचा नाई तर मारायचा कायले?” तरी दर शनिवारी घडीची खुर्ची घेऊन ते हजर. पोरीचा सीझनभरात एकही गोल नाही आणि काकांचं परतीचं तिकीट गुरुवारचं. जायच्या आधी नातीचा एक गोल बघायचा, एवढीच इच्छा.

“बाबा, तिला प्रेशर नका ना देऊ,” लेक म्हणे.

“मी कुठं देतो? नऊ नंबरबी अख्खा हिवाळा कोरडा होता, एवढंच सांगतो.”

शेवटच्या शनिवारी हाफ टाइमनंतर बाजू बदलल्याचं पोर साफ विसरली. बॉल मिळताच स्वतःच्या मैत्रिणींनाही चुकवत सुसाट सुटली आणि डाव्या पायानं तो आपल्याच गोलात घातला! आम्ही आईबाप आपापले बूट न्याहाळू लागलो. तेवढ्यात बघतो तर काका मैदानात! रेफरी शिट्टीवर शिट्टी फुंकतोय आणि यांनी नातीला उचलून घेतलंय.

“आजोबा, दॅट वॉज द राँग गोल!” ती रडवेली झाली होती.

“गोल कधी राँग असते का बाप्पा? डाव्या पायानं, अगदी कोपऱ्यात!”

पोर खुदकन हसली. मग दोन्ही संघांच्या मुली काकांभोवती नाचू लागल्या. रेफरीनंही शिट्टी खिशात टाकली.

परतताना गाडीत मी चिडवलं, “काका, नऊ नंबरनं असा गोल कधी केला नसेल!”

“नाई केला,” काका म्हणाले. “पण त्याचा एकबी गोल मी पाह्यला नाई रे. सारे ऐकलेले, वाचलेले. हा पाह्यला.”

मला एकदम गुरुवार फार जवळ आल्यासारखा वाटला.