पिठाच्या गिरणीमागच्या उस्ताद

उस्ताद बंदूक खांद्याला लावून उभ्या राहिल्या की हॉलमधली माणसं आपसूक बोलायची थांबत. कुणी गप्प बसा म्हणत नसे. साठी ओलांडलेली, जेमतेम पाच फुटांची एक बाई पदर कमरेला खोचून उभी आहे, एवढंच ते दृश्य. पण ती इतकी स्थिर उभी असे की आपण श्वास घेतोय याचीच आपल्याला लाज वाटावी. पुढे मी बरेच नेमबाज पाहिले, त्यांतल्या काहींचे फोटो वर्तमानपत्रात येतात. तसं उभं राहणं पुन्हा दिसलं नाही.

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. साताऱ्यातला आमचा रायफल क्लब निवृत्त फौजींनीच काढलेला. एका पिठाच्या गिरणीमागचं जुनं गोदाम, दहा मीटरची रेंज आणि सहा हवाई बंदुका. ही बाई तिथे शिकवायला लागली तेव्हा तिला काय म्हणायचं असा प्रश्न त्या म्हाताऱ्यांना पडला. वहिनी म्हणून पाहिलं, मॅडम म्हणून पाहिलं, जमेना. शेवटी क्लबातले सर्वांत वडील सुभेदारकाका एकदा चुकून उस्ताद म्हणून गेले आणि तेच राहिलं. ‘उस्ताद आल्या’, ‘उस्ताद चिडल्या’ असं आम्ही बिनदिक्कत म्हणत असू.

माझा जन्म मस्कतचा. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं तिथलंच. घरात आई मराठी बोलायची, पुस्तकं वाचून दाखवायची, म्हणून भाषा आली. पण देश सुट्टीतल्या पंधरा दिवसांपुरताच ठाऊक. नवऱ्याला साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली आणि एकतिसाव्या वर्षी मी बॅगा घेऊन इथे राहायला आले. लोक म्हणत, “आपल्याच देशात आलात की!” मी हसून मान डोलवायची. रिक्षावाल्याशी बोलले की तो आरशातून बघून विचारायचा, “तुमी कुठल्या म्हनायच्या?”

वर्ष झालं नव्हतं तोवर तिकडे आई गेली. अचानक. माझा तिथला राहण्याचा परवाना रद्द झालेला. नवीन व्हिसा हातात पडला तो चौथ्या दिवशी. मी पोचले तेव्हा वडील रिकाम्या खोलीत कपाटातल्या साड्यांच्या घड्या करत बसले होते. परत आल्यावर माझा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, शरीरात दोष काही नाही, मन कशात तरी गुंतवा.

दळण घेऊन गिरणीत गेले की मागून टप्, टप् असा आवाज यायचा. एक दिवस डबा तिथेच ठेवून मी मागे गेले आणि दारात उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. पाठीमागून आवाज आला, “कवापास्नं उभी हायेस गं?” त्यातलं मला फक्त ‘उभी’ कळलं. मी म्हटलं, “मला हे शिकता येईल का?” उस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, नजर हातावर थांबली. म्हणाल्या, “चप्पल काढ नि आत ये. पैलं उभं ऱ्हायला शीक.”

तीन आठवडे त्यांनी मला एकही छर्रा दिला नाही. रिकामी बंदूक उचलायची, गालाला लावायची, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायचं, खाली ठेवायची. मला वाटायचं माझ्या हातामुळे मला टाळतायत. शेवटी एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “उस्ताद, हा हात थांबतच नाही. मला नाही येणार हे.” त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “कुनाचा थांबतो? माझाबी हालतो. त्यो थांबवाय गेलीस की जास्त हालतो. हालू दे. हालता हालता मधी एक घडी येती, सगळं जागच्या जागी आसतं. तवा घोडा सुटू दे. आपन सोडायचा न्हाई, सुटू द्यायचा.” त्या दिवशी मला पहिला छर्रा मिळाला. तो कागदाला लागला नाही, पण आई गेल्यापासून त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

त्यांची स्वतःची गोष्ट मला सुभेदारकाकांनी सांगितली. उस्ताद मूळच्या मेढ्याकडच्या. नवरा फौजेत हवालदार, पलटणीच्या नेमबाजी संघात. ही त्याच्या मागे स्टूल टाकून बसायची, त्याचं जाड नेमबाजीचं जाकीट उसवलं की शिवून द्यायची आणि त्याची प्रत्येक गोळी कुठे गेली ते वहीत लिहायची. अकरा वर्षं. तो बर्फाळ रस्त्यावर ट्रक दरीत जाऊन वारला. ही साताऱ्यात परतली, कपडे शिवू लागली. एक दिवस नवऱ्याचं जाकीट क्लबाला द्यायला म्हणून आली आणि कोपऱ्यात उभी राहून बघत राहिली. कुणीतरी गमतीने बंदूक हातात दिली. वय सदतीस. त्याआधी तिने बंदूक उचललेलीही नव्हती.

“धा छर्रं मारलं बाईनं,” काका सांगत. “कागद आनला. भोक येकच! आमी म्हनलं, बाकीचं नऊ गेलं कुठं? भितीवर हुडकाय लागलो. आन् ही म्हनती, हुडकू नका, समदं तितनंच गेल्याती.”

ही फौजी अतिशयोक्ती असणार असं मी धरून चालले. पुढे त्यांच्या वाढदिवशी आम्ही आग्रह केला तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी दहा छर्रे मारले. कागद मीच ओढून आणला. मधोमध वाटाण्याएवढं एक भोक होतं, कडा जराशा फाटलेल्या. मी तो कागद हातात धरून नुसती उभी राहिले. उस्ताद म्हणाल्या, “बघतीस काय? पाचवा जरा उजवीकडं गेला.”

त्या मोठ्या स्पर्धांना का गेल्या नाहीत, असं मी एकदा विचारलं. “शिलाईचं काम कोन करनार? आन् पोरगी दहावीला होती,” एवढंच उत्तर. खंत म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

एकदा गळ्यात साखळी घातलेला एक तरुण आला. त्याला शिकायचं नव्हतं, बंदुकीसोबत फोटो हवा होता. सुभेदारकाका त्याला हाकलायला निघाले, तर उस्ताद म्हणाल्या, “काडू द्या की.” त्याच्या हाती रिकामी बंदूक दिली. “धर खांद्याला. मी म्हनंस्तवर खाली घ्याची न्हाई.” पहिल्या मिनिटाला त्याचं हसू गेलं, दुसऱ्याला कोपर लोंबायला लागलं. घामाने चिंब झाल्यावर त्या म्हणाल्या, “हां, आता काड फोटो.” त्याने फोटो काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि आज तो आमच्यातल्या चांगल्या नेमबाजांपैकी एक आहे.

सांगलीच्या स्पर्धेला आम्ही दोघी गेलो ते माझं क्लबातलं चौथं वर्ष. एका महाविद्यालयाच्या हॉलमध्ये सोळा टेबलं मांडली होती. खुल्या गटात वयाची अट नव्हती. मीच हट्टाने उस्तादांचं नाव दिलं होतं. योगायोगाने त्यांचं टेबल माझ्या उजवीकडे आलं. डावीकडे सांगलीचीच एक मुलगी होती, पहिलीच स्पर्धा, इतकी घाबरलेली की तिचे दोन छर्रे कार्डालाच लागले नव्हते.

एका कार्डावर एकच छर्रा मारायचा, मग दोरीची चकती फिरवून कार्ड जवळ ओढायचं. सातव्या फेरीपर्यंत उस्ताद सगळ्यांच्या पुढे होत्या. पुरुषांच्यासुद्धा. मागे खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली होती. आठव्या फेरीला मी माझं कार्ड ओढलं तर त्यावर दोन भोकं. एक आठाच्या रिंगणात, एक बरोबर मधोमध, दहाचं.

मी हात वर केला. पंच आले, कार्ड पाहिलं आणि सरळ डावीकडच्या मुलीकडे वळले. “तुझा छर्रा इकडे आलाय का?” तिचं कार्ड कोरंच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आला असेल,” ती म्हणाली. पंच पेन उघडून लिहायला लागले. उस्तादांच्या कार्डाकडे कुणी पाहिलंही नाही. कोण पाहणार?

“थांबा सायेब,” उस्ताद म्हणाल्या. “तिचा न्हाई. माझा हाय.”

पंचांना वाटलं, मुलीची कीव येऊन बोलतायत. “मावशी, तुमचा कसा असेल?”

“माझं कारड वडून बघा, कोरं हाय. ह्या दोन भोकांतलं धाचं माझं. आठाचं हिचं. हिचा छर्रा कवाबी डावीकडं नि खाली जातो, चार वर्सं सांगतीया मी.” आणि मग आवाज न बदलता, “मला कारडं दोन-दोन दिसत्यात. म्हैना झाला. आज चुकीच्या कारडावर गेले.”

त्या गप्प राहिल्या असत्या तर चूक त्या मुलीच्या नावावर जाणार होती, आणि कुठलं भोक कुणाचं हे ठरत नसलं की कार्डवाल्याला मोठा आकडा देतात, म्हणून मला दहा मिळून माझा तिसरा नंबर पक्का होत होता. त्यांच्या कोऱ्या कार्डाला शून्य मिळणारच होतं; त्या बोलल्या म्हणून मला आठ मिळाले, आणि जी गोष्ट त्यांनी स्वतःच्या लेकीलासुद्धा सांगितली नव्हती ती सगळ्या सांगलीला कळली.

पंच हळूच म्हणाले, “तुम्हाला थांबायचं असेल तर...”

“अजून दोन हायेत की.”

त्यांनी टेबलाची कड हाताने चाचपली. पायाखालच्या दोन फरशांच्या सांध्यावर टाचा नेमक्या ठेवल्या. बंदूक उचलली, खाली घेतली, पाऊल बोटभर सरकवलं, पुन्हा उचलली. डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता म्हणून त्या सगळं शरीरच कार्डाकडे लावत होत्या, हे मला तेव्हा कळलं. पहिला छर्रा दहा. दुसरा नऊ. बंदूक पेटीत ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, “शेवटचा नीट गेला न्हाई.” त्यानंतर त्यांनी बंदूक खांद्याला लावली नाही.

परत येताना एसटीत मी विचारलं, “उस्ताद, महिनाभर कुणाला बोलला का नाहीत?” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “बोलले आसते तर तुमी मला उभं ऱ्हाऊ दिलं नसतं.” मग म्हणाल्या, “भ्याले होते मी. लय भ्याले होते.” त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी कऱ्हाडपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा आतला पडदा खराब झालाय, उशीर झाला. दीड वर्षात त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळू लागलं. त्या तशाही रोज यायच्या, मागे स्टुलावर बसायच्या आणि छर्ऱ्याच्या आवाजावरून, आमच्या श्वासावरून आम्हाला झापायच्या. मग मेढ्याच्या भावाने ऐकलं नाही. म्हणाला, आता घरी चला.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊ जीप घेऊन आला. क्लबाच्या दारापासून जीपपर्यंत म्हातारे फौजी एका रांगेत उभे राहिले. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या हातात काठी. रांगेच्या टोकाला सुभेदारकाकांनी मलाही उभं केलं. उस्ताद भावाच्या दंडाला धरून बाहेर आल्या. काकांनी हुकूम दिला, आणि सगळ्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला.

उस्ताद जागच्या जागी थांबल्या. मान किंचित तिरकी केली.

“येक टाच मागनं वाजली. कोन त्यो?”

“मी, उस्ताद,” मी म्हणाले.

“तुला कुनी शिकीवलंय का?”

“नाही.”

“मग शीक की. काका, परत घ्या.”

काकांनी पुन्हा हुकूम दिला. या वेळी सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला. उस्ताद म्हणाल्या, “हां,” आणि जीपमध्ये चढल्या.