पंखवाला माणूस

बाळगोंडाचं घराणं ऊस पिकवणारं, पण त्याच्या हाताला पहिल्यापासून लाकडाचा नाद. पन्नाशी उलटेपर्यंत सांगलीच्या आसपासच्या कितीतरी जैन मंदिरांची दारं त्यानं कोरली. मग त्याच्या एकुलत्या लेकीनं, चंदनबालानं, दीक्षा घेतली. डोईचे केस उपटून, पांढरी साडी नेसून, ती संघाबरोबर अनवाणी निघून गेली. तिला आता लेक म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. लोक म्हणत, भाग्यवान बाप. तो मान हलवायचा. काम मात्र त्यानं सोडलं.

तीन वर्षांनी, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, गावातल्या एका चर्चचे पाळक शांतवन त्याच्याकडं आले. उपासनेत जिथं उभं राहून वाचतात, त्या मेजाला चार सागवानी फळ्या हव्या होत्या. माणूस, सिंह, बैल आणि गरुड. चौघांनाही पंख.

"सिंव्ह आमच्या महावीरांचा, बैल आदिनाथांचा," बाळगोंडा म्हणाला. "मूर्ती सगळ्या सारख्याच. खालचं लांछन, म्हंजी खूण, बघून वळखायचं, कोन कुठले. तुमचंबी तसंच व्हय?"

"जवळपास तसंच. येशूची हकीकत चौघांनी लिहिली. एक जण रानात घुमणाऱ्या हाकेनं सुरुवात करतो, तो सिंह. दुसरा वेदीपासून, जिथं बैलाचा बळी द्यायचे, म्हणून बैल. तिसरा थेट आभाळातूनच बोलायला लागतो, तो गरुड."

बळीचं नाव ऐकून बाळगोंडानं तोंड फिरवलं होतं. मग त्यानं विचारलं, "आन मानूस?"

"तो मत्तय. तो आधी वंशावळ सांगतो. कुणाच्या पोटी कोण जन्मलं, पार येशूपर्यंत."

चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांत माणूस कुठंच नव्हता. काम त्यानं घेतलं.

तीन फळ्या महिन्याभरात झाल्या. चौथी तो रोज पुढ्यात घ्यायचा आणि तशीच ठेवून द्यायचा. एका दुपारी पटाशी चालायला लागली. रुंद कपाळ, जरा बसकं नाक, खांद्यावर आलेली वेणी. चेहरा कुणाचा होतोय ते त्याला मधेच कळलं, पण हात थांबला नाही.

त्याची बायको राजमती जेवायला बोलवायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आवं, ही आपली चंदन."

"मानूस हाय त्यो."

"मग वेणी कशाला घातलीसा?"

राजमती खाली बसली आणि वेणीत अडकलेला भुसा बोटानं काढत राहिली.

पाळकांनीही ती फळी बराच वेळ पाहिली. "हिचं नाव काय?"

"आता घ्यायचं न्हाई," बाळगोंडा म्हणाला. त्यांनी ती फळी तशीच मेजाला बसवून घेतली.

त्या पावसाळ्यात संघाचा चातुर्मास सीमेकडच्या एका गावात होता. दोघं दर्शनाला गेली. रांगेतून पुढं होत बाळगोंडानं लेकीपुढं हात जोडले. "वंदामि, माताजी."

माताजींनी सगळ्यांवर उचलली तशीच मोरपिसांची पिंछी आशीर्वादाला उचलली. मग हळूच विचारलं, "लाकडाचं काम चालू आहे?"

"हाय, माताजी."

"चालू ठेवा."

मागच्यांनी रेटलं, ती दोघं पुढं सरकली.

परतीच्या एसटीत राजमती म्हणाली, "फळीचं सांगितलं का न्हाईसा?"

"ते समदं सोडून गेलीया ती. परत कशाला तिच्यापुढं ठिवायचं?"

मिरज आल्यावर राजमती म्हणाली, "लय वाळलीया."

"व्हय," बाळगोंडा म्हणाला. "गालाची हाडं वर आल्यात."