त्या दिवशी टँकर आला होता

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी ही वही वाचलीच, तर तेवढं पोटात घालावं. बाकीचं पोटात घाला म्हणायला मला तोंड नाही.

कवठे महांकाळजवळच्या आमच्या वाडीला उन्हाळ्यात एक दिवसाआड टँकर येतो. त्या दिवशी तो येऊन गेल्यावर पेपरचा फोटोग्राफर मोटारसायकलवर पोचला. त्याला रिकाम्या घागरी हव्या होत्या आणि सगळ्यांच्या तर भरलेल्या. माझं घर रस्त्याकडेला. तो म्हणाला, पाणी घरातल्या बॅरलमध्ये ओता, घागरी ओळीने मांडा आणि कपाळाला हात लावून बसा. टंचाई खरीच आहे, मग यात खोटं काय? नको म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. पाचशेची नोट दिसल्यावर हात मात्र लगेच पुढे झाला.

फोटो मोठा आला. खाली छापलं होतं, आठ दिवस टँकर नाही. माहेरहून, उंब्रजहून, भावाने कौतुकाने फोन केला. दोन दिवसांनी टँकरवर नवाच माणूस दिसला. खेपा बुडवतो म्हणून ठेकेदाराने जुन्या ड्रायव्हरला काढलं होतं.

संध्याकाळी तो जुना ड्रायव्हर पेपर घेऊन दारात आला. ओरडला नाही.

"वहिनी, त्या दिशी पयली घागर तुमचीच भरली न्हवं मी?"

"व्हय," मी म्हणाले.

सकाळी पहिल्यांदाच एकटीने एसटी धरली आणि सांगलीला पेपरच्या कचेरीत गेले. संपादकांना सगळं सांगताना मी फरशीकडेच बघत होते. त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं आणि माझ्यादेखत विचारलं, "घागरी तुला तशा सापडल्या, की तू मांडायला लावल्यास?" तोही फरशीकडे बघायला लागला.

चूक कबूल करणाऱ्या चार ओळी आतल्या पानावर आल्या. ड्रायव्हरला परत घेतलं, पण नऊ दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ती भरून द्यायचं मी ठरवलं. तो राहू द्या म्हणत होता, मी ऐकलं नाही. पाचशेची ती नोट आधी दिली. बाकीचे द्राक्षबागेतल्या छाटणीच्या मजुरीतून देत गेले.

भावाने तो फोटो कापून भिंतीला लावलाय. त्या चार ओळी त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत आणि मीही अजून सांगितलेलं नाही.

आज टँकर आला तेव्हा ड्रायव्हरच्या हातात शेवटचे चारशे ठेवले. पैसे पुरे फिटले.