कॉइलवरचं कुंकू

बायको गेल्यावर जो आला त्याने मला एकच सांगितलं, आता देवाचं नाव घ्या. मी म्हटलं, नाही घेत. ती आयुष्यभर घ्यायची, तेवढं दोघांना पुरे. मला माझी गाडी चालू करायची आहे.

गाडी म्हणजे दोन सीटची, कापडी छपराची, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी. अंबरनाथच्या कारखान्यातले एक साहेब परदेशी जाताना ती माझ्या नावावर करून गेले. मी अंबरनाथजवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प चारमध्ये, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचो. चौथीत शाळा सुटली आणि हातात पक्कड आली, ती अजून आहे.

बायकोला त्या गाडीतली एकच वस्तू आवडायची, कॉइल. कॉइल म्हणजे बॅटरीचा करंट घेऊन त्याची मोठी ठिणगी करणारा डबा. आमच्या गाडीत तो उभा बसवलेला, वर काळी गोल मान. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हाच ती म्हणाली, "अहो, ही तर पिंडी आहे." झालं. दर सोमवारी शिवमंदिरात चालत जाणारी बाई, तिला दारात महादेव मिळाला. दसऱ्याला आणि महाशिवरात्रीला त्या मानेवर हळदकुंकू, पाण्याचे थेंब, वर बेलाचं पान. मी ओरडायचो, तिथे ओल चालत नाही, ठिणगी भलतीकडे पळते. ती म्हणायची, "महादेवाला पाणी बाधतं होय? पुसायचं तर पुसा, पण माझी पाठ वळल्यावर." ती आत गेली की मी पेट्रोलच्या फडक्याने पुसायचो. आतून आवाज यायचा, "पुसलंत का?" मी म्हणायचो, नाही. मग हसायची.

यंदाच्या महाशिवरात्रीनंतर आठवड्याच्या आत ती गेली. गाडी चालू करीन म्हणत राहिलो, पण बॉनेट बंद ते बंदच राहिलं.

पाऊस सरल्यावर मुलगा बोलायला आला. तो पालेगावला टॉवरमध्ये राहतो, कामावर मुंबईला जातो. आमची कॅम्पातली बिल्डिंग पाडायची ठरली होती, म्हणून मला त्याच्याकडे जायचं होतं. पण त्याच्या सोसायटीत बंद गाडी ठेवू देत नाहीत. त्याने बदलापूरचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. त्या माणसाला गाडी फार्महाऊसच्या दारात उभी करायची होती, लग्नातल्या लोकांनी टेकून फोटो काढायला. इंजिन चालो न चालो, त्याचं काही म्हणणं नव्हतं. माझं होतं. मी मुलाला सांगितलं, माझी गाडी बुजगावणं म्हणून कुणाच्या दारात उभी राहणार नाही. बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं, रविवारी दुपारी गिऱ्हाईक येईल. तोवर चालू झाली तर गाडी माझ्याबरोबर, नाही झाली तर त्याच्याबरोबर.

रविवारी सकाळी मुलाला सीटवर बसवलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन गरागरा फिरलं, पण पकडेना. बॅटरी नवी, पेट्रोल येत होतं. प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवला, ठिणगी नाही. करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, तरी नाही. समोरच्या स्पेअरपार्टवाल्या सिंध्याकडून पॉइंटला जोडायचा नवा कंडेन्सर आणून टाकला, तरी नाही. हा दुकानदार माझ्याच वयाचा, आमचं रोजचं भांडण. तो दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "मिस्त्री, अब गाडी को आराम दे, खुद को भी दे." मी म्हटलं, पहिलं तुझं शटर पाड, मग बघू.

मग टेस्टचा बल्ब लावला. सेल्फ मारला की बल्ब लुकलुकायचा. म्हणजे कॉइलपर्यंत करंट येत होता, पॉइंटही तो नीट तोडत होते. तरी कॉइलच्या जाड तारेतून पुढे काहीच निघत नव्हतं. ठिणगी तयार होऊन मधेच कुठेतरी मरत होती. अशा वेळी अंधार लागतो. बॉनेटवर ताडपत्री टाकली, आत डोकं घातलं आणि मुलाला ओरडलो, मार.

कॉइलच्या मानेवरून निळा दोरा सरसर खाली उतरला आणि बाजूच्या स्क्रूत शिरला. पुन्हा मार म्हटलं. पुन्हा त्याच वाटेने. ताडपत्री बाजूला केली. मानेच्या मागच्या अंगाला, यंदा पुसायचा राहून गेलेला, कुंकवाचा सुकलेला ओघळ होता, पावसाळ्याची ओल धरून बसलेला, आणि ठिणगीने त्याच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ जाळली होती. वर तिच्या बोटाचा ठसा जसाच्या तसा.

मुलगा खाली उतरला. बघितलं आणि माझा हात धरला. "पप्पा, नका पुसू. नवीन कॉइल टाकू. ही आपण देव्हाऱ्यात ठेवू." दुकानदार कधी येऊन उभा राहिला होता कळलं नाही. तोही हळूच म्हणाला की नवीन कॉइल तो देतो, ही राहू दे.

मी किती वेळ त्या ठशाकडे बघत बसलो ते सांगत नाही. मग म्हटलं, "तिने ही गाडीत पूजली. देव्हाऱ्यात तिचे देव आहेत तेवढे पुरेत."

ब्लेड घेतलं आणि खरवडलं. आधी कुंकू निघालं, मग खालची काळी रेघ. पेट्रोलने धुतलं, सुक्या फडक्याने कोरडं केलं. अंगठा लाल झाला होता. फडकं कचऱ्यात टाकलं. जपून ठेवलं नाही. कुणाला ते निर्दयपणाचं वाटलं तर वाटो.

मुलाने सेल्फ मारला. गाडी एकदा शिंकली, फटकन धूर सोडला आणि पकडली. सगळी गल्ली खिडकीत आली. मुलगा हात स्टिअरिंगवर ठेवून मान खाली घालून बसला. मी त्याला बसू दिलं.

गिऱ्हाईक आलं तेव्हा इंजिन चालूच होतं. तो खूश झाला, म्हणाला, चालू आहे तर आणखीच चांगलं. मी तोंड उघडायच्या आत मुलगाच उठला आणि म्हणाला, "विकायची नाही. माफ करा, फुकट फेरी पडली."

संध्याकाळी मीच चालवत पालेगावला नेली, छप्पर उघडं टाकून. शेजारच्या सीटवर मुलगा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने हात आडवा केला आणि सेक्रेटरीला बोलावलं. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, टायर बघितले आणि विचारलं, "काका, ही चालते तरी का?"

मी इंजिन बंद केलं. त्यांच्यासमोर पुन्हा चालू केलं. म्हटलं, "गेट उघडा."