क्रिस्पुलाच्या खिशातले चिमटे

इसाउरा लेब्रोंचं सूचनाफलकाशी वैर होतं. शाळेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तो फलक, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संचालक आन्सेल्मो स्वतःच्या हाताने त्यावर कागद डकवणार: येणारे प्रयोग, येणारे पाहुणे. सव्वीस वर्षं इसाउरा त्या कलाशाळेत नाचाच्या वर्गाला ढोल वाजवत होती. एवढ्या वर्षांत फलकावर तिचं नाव एकदाच लागलं, तेही गाडी भलत्या जागी उभी केली म्हणून. पाहुण्यांची नावं मात्र बोटभर अक्षरांत. सान हुआनचे पाहुणे, हवानाचे पाहुणे, कुठल्याशा विद्यापीठाचे पाहुणे. यायचे, तासभर बोलायचे, शाळेच्या खर्चाने गरमागरम तळलेल्या आल्कापुरिया खायचे आणि बोटं पुसत निघून जायचे. पिकतं तिथं विकत नाही, हे दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गावाला शिकवायला कुणी पाहुणा नको होता.

त्या ऑक्टोबरच्या कागदावर लिहिलं होतं: 'गुरुवार, दुपारी दोन. पाहुण्या कलावंत वालेस्का मोन्सेराते, न्यूयॉर्क. विषय: थांबलेलं पाऊल, माझा एक शोध. प्रात्यक्षिकासह.' आणि खाली: 'शनिवार, दुपारी चार. विद्यार्थ्यांचा बोम्बा. वालेस्का मोन्सेराते यांच्या पावलावर आधारित.' इसाउराने वाचलं, चष्मा काढून झग्याला पुसला आणि परत वाचलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण ते पाऊल तिच्या आईचं होतं.

तिची आई क्रिस्पुला साखर कारखान्याच्या साहेबांचे कपडे धुवायची. एका हंगामात उसाच्या गाडीवरून पाय घसरून पडली आणि डावा गुडघा जो आखडला तो कायमचा. पण रविवारी अंगणात ढोल बसला की ती नाचायचीच. बाकी बायकांचं पाऊल ठेक्यावर पडायचं. क्रिस्पुलाचं डावं पाऊल वर उचललं जायचं आणि तिथेच राहायचं, बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, मग कुठे ते खाली यायचं. ते वर असताना तिचा डावा हात कंबरेखाली घट्ट दाबलेला असायचा. नवरा शिकागोला कामाला गेला तो गेलाच. ढोल तेवढा घरी राहिला. ढोलाशिवाय नाचायचं कुणासमोर? म्हणून नऊ वर्षांच्या इसाउराला तिने त्यावर बसवलं. शेजारणी म्हणाल्या, बाईमाणसाने ढोल वाजवायचा नसतो. क्रिस्पुला म्हणाली, "मग तुमचे पुरुष पाठवा." कुणी आलं नाही.

बोम्बा नाचात ढोलकरी नाचणाऱ्याला नाचवत नाही, नाचणारा ढोलकऱ्याला वाजवायला लावतो. एक ढोल नुसता ठेका धरतो. दुसरा, प्रीमो, त्याचं काम नाचणारीकडे डोळे लावून बसायचं. ती येऊन प्रीमोला वाकून नमस्कार करते, आणि तिथपासून ते परत वाकून निरोप घेईपर्यंत तिचा पाय, खांदा, घागऱ्याचं टोक, जे हलेल ते प्रीमोने बोलायचं. त्यात सूट नाही, दयामाया नाही. इसाउराने तीस वर्षं आईचा गुडघा असा वाचला होता. त्या गुडघ्यावर तिच्याइतका हक्क फक्त आईचाच होता, आणि आई तर गेलेली.

वालेस्का त्याच गल्लीतली. पंधरा-सोळाची असताना रोज त्या अंगणात पडीक. क्रिस्पुलाच्या हातचा तुरीच्या दाण्यांचा भात खाल्ला, नाच शिकली आणि न्यूयॉर्कला गेली. क्रिस्पुलाच्या मयताला आली नाही. फूलही पाठवलं नाही. आणि आता आयत्या बिळावर नागोबा होऊन फलकावर बसली होती.

इसाउराने आन्सेल्मोला त्याच्या खोलीत गाठलं. वयाने मोठ्या बाईला गावात मानाने 'दोन्या' म्हणतात, तोही म्हणायचा.

"आन्सेल्मो, हे काय डकवलंयस?"

"दोन्या इसाउरा, सकाळी सकाळी नको ना. मी अजून कॉफी घेतली नाहीये."

"शोध म्हणे! माझ्या आईचा गुडघा काय कोलंबसाने शोधला?"

"अहो, पण पुरावा काय? तिच्याकडे पुस्तक आहे, व्हिडिओ आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे हे हात आहेत."

"हात छापता येत नाहीत," आन्सेल्मो म्हणाला. या माणसाचा हात कायम दोन्ही डगरींवर. "असं करू. शनिवारची पत्रिका शुक्रवारी सकाळी छापायला जाते. वालेस्काने स्वतः कबूल केलं तर मी क्रिस्पुलांचं नाव घालतो. तिने नाही केलं तर मी कोण सांगणारा?"

"तू कोण ते मला चांगलं ठाऊक आहे," इसाउरा म्हणाली आणि दार आपटून निघाली. पण एवढं तिच्या मनात पक्कं झालं की शुक्रवार सकाळच्या आत आईचं नाव त्या बाईच्या तोंडून काढायचं. सव्वीस वर्षांत तिने या शाळेकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

गुरुवारी वालेस्का आली. पांढरा घेरदार घागरा, गळ्यात एवढाल्या बिया. इसाउरा सभागृहात ढोलाची कातडी ताणत होती. वालेस्काने येऊन तिच्या गालाला गाल लावला.

"अय्या, दोन्या इसाउरा! तुम्ही अजून इथेच?"

"जाणार कुठे? ढोल जड असतो. पावलं काय, घेऊन पळता येतात."

वालेस्काचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. "पाऊल कुणाच्या बापाचं नसतं, दोन्या."

"बापाचं नाहीच. आईचं आहे. आज सांगशील ना सगळ्यांना?"

"तुमच्या अंगणात ते सडलं असतं. मी त्याला नाव मिळवून दिलं."

"कुणाचं?"

वालेस्काने तिच्याकडे पाठ केली. ती माईक कुठेय ते बघायला गेली.

दोन वाजता सभागृह भरलं. प्रीमोवर इसाउरा, ठेक्याच्या ढोलावर चागो, शाळेचा शिपाई. हात दगडी, पण ठेका चुकायचा नाही. वालेस्का पुढे आली, प्रीमोला वाकली आणि नाचली. खोटं का बोला, चांगली नाचली. डावं पाऊल उचललं, हवेत ठेवलं, डावा हात कंबरेखाली दाबला, आणि इसाउराच्या हातांनी आपसूक जागा ओळखली. पाऊल खाली येताना प्रीमो असा बोलला की मागच्या बाकावरची पोरं ओरडली. चांगल्या पावलाला वाईट उत्तर देणं तिच्या हातांना जमायचंच नाही. त्याचाच तिला जास्त संताप आला.

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या नादात वालेस्का हसत हसत तशीच वळली, आन्सेल्मोच्या हातातून तिने माईक घेतला आणि बोलायला सुरुवात केली. निरोपाचा नमस्कार राहिला. इतकी वर्षं नाट्यगृहांत नाचून तिला सवय झाली असेल: टाळ्या पडल्या म्हणजे नाच संपला. चागोने इसाउराकडे पाहिलं. थांबू का? इसाउराने मान हलवली. ठेका चालू राहिला.

"मित्रांनो," वालेस्काने हात वर केला.

तक्, प्रीमो बोलला.

"दहा वर्षांपूर्वी..." तिने केस मागे सारले. तरर्र.

"मी एका थंडगार खोलीत..." बोट नाचवलं. टक टक टक.

पोरं खिदळायला लागली. वालेस्काने खांदे उडवले, खांदेही वाजले. तिला बोलताना हात हलवल्याशिवाय राहवत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दोन्या इसाउरा, पुरे हं आता. मी नाचत नाहीये, बोलतेय."

"निरोप घेतला नाहीस," इसाउरा म्हणाली. "अजून तू ढोलापुढेच आहेस. वाक, मी थांबते."

चूक वालेस्काच्याही लक्षात आली, तिचे कान लाल झाले. पण आता वाकायचं म्हणजे सगळ्या गावासमोर इसाउरा लेब्रोंपुढे वाकायचं. ती हात छातीशी बांधून ताठ उभी राहिली आणि तशीच बोलत सुटली. पाऊल कसं आपल्याला साधनेतून सापडलं, कसं ते दुसऱ्या कुणाच्या अंगात नव्हतंच. अंगणाचं नाव नाही, भाताचं नाही, आईचं तर नाहीच. हात बांधलेल्या बाईपुढे ढोल काय बोलणार? इसाउराचे पंजे कातडीवर नुसते पडून राहिले. आता हिच्या तोंडून काही निघत नाही, हे तिला कळून चुकलं.

तेवढ्यात केइशला उठली. शनिवारी मुख्य नाच तिचा होता. एकोणीस वर्षांची, वर्गात प्रश्न विचारून शिक्षकांना पिडणारी. "बाई, पाऊल हवेत असताना डावा हात तिथे का दाबायचा? मला ते जमतच नाही."

वालेस्काचा चेहरा उजळला. हा तिच्या पुस्तकातला धडा होता. "तिथे आपल्या आज्यांच्या आज्यांची स्मृती आहे. गुलामीत ज्यांची लेकरं हिसकावली त्यांची कूस आहे. मी ती जागा झाकते, जपते." आणि जपून दाखवण्यासाठी तिने हात सोडला आणि कंबरेखाली दाबला.

प्रीमो एकदाच बोलला, मोठ्याने.

"खिसा," इसाउरा म्हणाली.

"काय?"

"तिथे खिसा होता. माझी आई धोबीण होती. खिशात लाकडी चिमटे असायचे, कपडे वाळत घालायचे. काम टाकून नाचायला यायची, चिमटे पडू नयेत म्हणून हात दाबून धरायची." ती ढोलावरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "कूस म्हणे. तू जिच्याकडून उचललंस तिचा खिसासुद्धा उचललास, बाई. आता सांग, तुझ्या घागऱ्याला खिसा कुठेय?"

सगळं सभागृह वालेस्काच्या घागऱ्याकडे बघायला लागलं. खिसा नव्हता. तिचा हात तिथे नुसताच दाबलेला राहिला, आणि काढावा तर ढोल बोलणार. पहिल्यांदा चागो हसला, मग पोरं, मग सगळेच. वालेस्काने माईक आन्सेल्मोच्या हातात कोंबला आणि तरातरा चालत निघाली. दारापर्यंत तिचं प्रत्येक पाऊल इसाउराने वाजवलं. न वाकताच गेली. पुढे कुणी वालेस्काचं नाव काढलं की इसाउरा म्हणायची, "ती अजून नाचतेय. निरोप कुठे घेतलाय?"

इसाउराला वाटलं, जिंकले.

शनिवारी पत्रिका आली. 'नृत्यरचना: वालेस्का मोन्सेराते. पाऊल: पारंपरिक, कर्ता अज्ञात.'

"कुणाचंच मन दुखावलं नाही," आन्सेल्मो लांबूनच म्हणाला. "तिने कबूल केलं नाही, तुम्ही ऐकत नाही. मग मी मधला रस्ता काढला."

"अज्ञात? नऊ महिने मी तिच्या पोटात होते, आन्सेल्मो. मला तर ओळखीची वाटली."

तिने ढोल उचलून गाडीत घातला. मग पायऱ्यांवर घागरे सावरत बसलेल्या पोरी दिसल्या. प्रीमोशिवाय त्यांचा नाच होणार नव्हता, आणि पोरींनी काय घोडं मारलं होतं? ढोल परत आत आणला, पण तोंडाने शिव्या चालूच होत्या. आईचं नाव मिळवायला एवढी भांडली, आणि मिळालं काय, तर अज्ञात. पूर्वी निदान कुणी विचारत तरी नव्हतं.

चार वाजता केइशला पुढे आली. पांढरा घागरा, आणि त्याला डाव्या बाजूला निळ्या पट्ट्यांचा खिसा, वाकडातिकडा टाचलेला. चालताना खिशात लाकूड खुळखुळत होतं. इसाउराने ओठ घट्ट मिटले. पोरगी वाकली, नाचायला लागली. डावं पाऊल उचललं, हवेत ठेवलं, हात खिशावर दाबला. आज तिला जमलं, कारण आज हाताखाली काहीतरी होतं. पण दाब कमी पडला. पाऊल खाली आलं आणि चिमटे उडाले, फरशीवर एकामागून एक.

नाचणारीच्या अंगावरचं जे हलेल ते ढोलाने बोलायचं. इसाउराने एकेक चिमटा वाजवला.

तिसऱ्या रांगेत म्हातारी प्रोवी बसली होती. क्रिस्पुलाच्या शेजारच्या दगडावर कपडे धुण्यात तिचा जन्म गेलेला. ती काठी टेकत उभी राहिली. "अगं बाई, ही तर क्रिस्पुला! क्रिस्पुलाचे चिमटे!"

"कोण क्रिस्पुला?" मागून कुणी विचारलं. "अरे, लेब्रोंची. कारखान्याची धोबीण." नाव बाकांबाकांवरून मागे गेलं. लोक पत्रिका उलटीपालटी करून नाव शोधायला लागले, सापडेना, मग आन्सेल्मोकडे बघायला लागले. आन्सेल्मो पत्रिकेने वारा घेत छताकडे बघत होता.

इसाउराला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला. डोळे पुसायला हात नव्हता, दोन्ही हात ढोलावर होते. केइशला घामाने निथळत समोर आली आणि प्रीमोला वाकली, अगदी जमिनीपर्यंत. इसाउराने शेवटचं उत्तर दिलं आणि ढोलावर हात ठेवून आवाज दाबून टाकला.

"सात पाडलेस," ती गुरगुरली. "माझ्या आईचा जन्मात एक पडला नाही. सोमवारी दोन वाजता ये. आणि खिसा नीट शिवून आण."